मधले शंभर फूट

साशंक: आकाश अफाट आहे, त्यात सगळ्यांना जागा होईल, हा युक्तिवाद मी फार ऐकला आहे. मला तो पटत नाही, कारण विमानं सगळ्या आकाशात विखरून उडत नाहीत. त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात आणि त्या वाटा ठरावीक ठिकाणी जमिनीला येऊन मिळतात. मुंबईत उतरणारं विमान तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. धावपट्टी एक सागरी मैलावर राहिली की ते जेमतेम ३२० फुटांवर असतं. कुर्ल्याच्या गच्च्यांवरून माणसं ते रोज पाहतात. त्या क्षणी त्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. आता समोर ड्रोन आला असं धरा. वस्तू दिसणं, ती काय आहे हे कळणं, ती आपल्याच वाटेत आहे हे ध्यानात येणं, निर्णय घेणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा साडेबारा सेकंद धरते. तेवढ्यात विमान ९०० मीटर पुढे गेलेलं असतं. ३५ सेंटिमीटर रुंदीचा ड्रोन ९०० मीटरवरून पाहायचा म्हणजे माणसाच्या डोळ्याची ताकद जिथे संपते त्याच्या अगदी काठावर आपण उभे असतो. त्या ड्रोनवर आपली ओळख इतर विमानांना कळवणारा ट्रान्सपाँडर नसतो, त्यामुळे विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा गप्प राहते. विमानतळाच्या नेहमीच्या रडारवर एवढी लहान, बहुतांशी प्लास्टिकची वस्तू भरवशानं उमटत नाही. ‘बघा आणि टाळा’ हा हवाई वाहतुकीचा सर्वांत जुना नियम आहे. त्यातलं ‘बघा’ इथे उरतच नाही, मग टाळणार कसं?

उत्साही: तुमचं गणित बरोबर आहे आणि म्हणूनच त्या जागी ड्रोन उडवायला कुणी परवानगी देत नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेले आपले ड्रोन नियम पाहा. सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ किंवा त्याहून वर जायचं तर आधी विचारायचं. दुसरीकडे, चढताना-उतरताना सोडून विमानानं किंवा हेलिकॉप्टरनं मोकळ्या मुलखातसुद्धा ५०० फुटांच्या खाली येऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. एक मजला त्यांचा, एक आपला, मधे शंभर फूट मोकळे.

आणि आपल्याकडचे ड्रोन खरोखर कुठे उडतात तेही बघा. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. पाठीवर पंप घेऊन, डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीतून, स्वतःच फवारलेल्या तुषारांत चालत जायचं, ही त्या कामाची रीत होती. ड्रोन हेच काम पिकावर दोन-तीन मीटर उंचीवरून करतो आणि माणूस बांधावर उभा राहतो. गावठाणांची मोजणी घ्या. स्वामित्व योजनेखाली देशातल्या ३ लाखांहून अधिक गावांवर ड्रोन फिरले आणि ज्या घरांना कधी कागद नव्हता त्यांना मिळकतपत्रिका मिळू लागल्या. मणिपुरात ४ ऑक्टोबर २०२१ ला बिष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर करोनाची लस ड्रोननं गेली. रस्त्यानं २६ किलोमीटर, हवेतून १५. वेळ पाव तासाच्या आत. त्याच वर्षाच्या अखेरीला पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला लसीच्या ३०० मात्रा अशाच गेल्या. यातल्या कुठल्या उड्डाणानं कुणाच्या विमानाची वाट अडवली?

साशंक: कुठल्याही नाही. फवारणीच्या ड्रोनशी माझं भांडणच नाही. यवतमाळचं तुम्ही सांगितलंत, त्यापुढे तर कुणाचंच असू नये. माझा प्रश्न तुमच्या त्या शंभर फुटांबद्दल आहे. ते कशावरून मोजता?

विमानाचा उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. दाबाचा संदर्भ आकडा वैमानिकाला जवळच्या विमानतळाकडून मिळतो. तो आकडा एका हेक्टोपास्कलनं चुकला, तर उंचीत २७ ते ३० फुटांचा फरक पडतो. हेलिकॉप्टर विमानतळापासून शंभरेक किलोमीटर लांब गेलं आणि वाटेत हवामान बदललं, तर तीन-चार हेक्टोपास्कलची तफावत मोठी गोष्ट नाही. तेवढ्यातच तुमचे मधले शंभर फूट संपले. ड्रोन मात्र उंची मोजतो ती बहुतेक वेळा जिथून उडाला त्या जागेपासून. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या माथ्यावरून ड्रोन उडवणारी मुलं आता प्रत्येक सुट्टीत दिसतात. पडद्यावर उंची ३० मीटर दिसते. ड्रोन कड्याच्या पुढे २०० मीटर गेला, तरी पडद्यावर तीसच मीटर. पण खालची जमीन तर शेकडो मीटर खोल गेली. नियम म्हणतो जमिनीपासून १२० मीटर. ड्रोन एक मीटरही वर न चढता नियमाबाहेर गेला आणि उडवणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. सह्याद्रीत असे कडे किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

शिवाय हेलिकॉप्टर त्या ५०० फुटांच्या वरच राहतं, हे गृहीतक तरी कुठे खरं आहे? जुहूहून तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टर रोज चढतात-उतरतात. निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर चुन्याचा गोल आखून हेलिपॅड होतं आणि तेव्हा आजूबाजूला सभेचं चित्रीकरण करणारे ड्रोन असतातच. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आला तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर घरांच्या कौलांपर्यंत खाली आली होती. माणसं उचलायची तर यावंच लागतं. तुमचे दोन मजले कागदावर वेगळे आहेत, पण जिना सगळ्यांचा एकच आहे.

इथे साशंकानं हात घातला आहे तो नियमांच्या खऱ्या दुखऱ्या जागेवर. ४०० आणि ५०० हे आकडे ऐकायला पक्के वाटतात. प्रत्यक्षात ते दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आकडे आहेत आणि त्या पट्ट्या एकमेकींशी जुळवून देणारी यंत्रणा सामान्य ड्रोनवाल्याच्या हातात नाही. युरोप-अमेरिकेतले अभ्यासकही उंचीचा एकच सामायिक संदर्भ कोणता धरावा यावर बराच काळ खल करत आहेत. उपग्रहावरून मोजलेली उंची दोघांनीही वापरावी, हे उत्तर सोपं दिसतं. पण जगभरातली विमान वाहतूक दाबाच्या हिशेबावर उभी आहे आणि ती एका रात्रीत बदलता येणार नाही.

उत्साही: मान्य. उंचीची भिंत पातळ आहे. पण ती भिंत पडून काय झालं, हेही पाहू. २१ सप्टेंबर २०१७ ला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एक ड्रोन धडकला, सुमारे ३०० फुटांवर. पात्याला इजा झाली, हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला कॅनडात क्वेबेक शहराजवळ उतरणाऱ्या एका छोट्या प्रवासी विमानाला ड्रोन लागला. विमान किरकोळ नुकसान सोसून उतरलं. एवढ्या वर्षांत तपासाअंती खात्रीनं सिद्ध झालेल्या अशा धडका फार थोड्या आहेत, आणि नागरी ड्रोन आदळून प्रवासी विमान कोसळल्याची एकही घटना नाही. त्याउलट पक्ष्यांच्या धडका एकट्या अमेरिकेत दरवर्षी हजारोंनी नोंदल्या जातात. जानेवारी २००९ मध्ये हंसांच्या थव्यानं दोन्ही इंजिनं बंद पाडली आणि १५५ माणसं घेऊन विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. पक्ष्यांना आपण परवाना देत नाही, त्यांची नोंदणी करत नाही, तरी त्यांच्यासोबत उडतो. जोखीम शून्य असलेलं आकाश कधी नव्हतंच.

साशंक: पक्ष्यात लिथियमची बॅटरी नसते. २०१७ मध्ये अमेरिकी विद्यापीठांच्या एका गटानं तिथल्या विमान वाहतूक यंत्रणेसाठी अभ्यास केला. त्यात सारख्या वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन विमानाच्या सांगाड्याला जास्त इजा करतो, असं निघालं. कारण सरळ आहे. पक्ष्याचं शरीर आदळताना जवळपास पाण्यासारखं पसरतं, आणि मोटर, कॅमेरा, बॅटरी हे टणक गोळे एका बिंदूवर घुसतात. पुढच्या वर्षी डेटन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका छोट्या विमानाच्या पंखावर ताशी ३८० किलोमीटरच्या वेगानं ड्रोन डागला. तो पंखाच्या पुढच्या कडेतून आत शिरला आणि मुख्य आधाराच्या तुळईला लागला. ड्रोन बनवणाऱ्या कंपनीनं त्या वेगाबद्दल हरकत घेतली, तीही मी वाचली आहे. वेग जास्त धरला होता म्हणू हवं तर. पण २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजलिसला वणवा पेटला होता तेव्हा वेग कुणी ठरवून दिला नव्हता. आग विझवायला कॅनडाहून आलेलं, समुद्राचं पाणी पोटात भरून नेणारं विमान, आणि आगीचं दृश्य टिपायला कुणीतरी उडवलेला ड्रोन. पंखाला भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण शहर जळत असताना ते दुरुस्तीसाठी काही दिवस जमिनीवर बसून राहिलं. माणूस दगावला नाही म्हणून हे नुकसान लहान आहे का?

आणि ब्लॅक हॉकचं उदाहरण तुम्ही अर्धवट सोडलंत. त्या ड्रोनचा मालक चार किलोमीटर दूर होता. ड्रोन त्याच्या नजरेच्या पलीकडे गेलेला, त्या भागात तात्पुरती उड्डाणबंदी होती हे त्याला माहीत नव्हतं, आणि धडक झाली हे त्याला कळलं ते तपास अधिकारी त्याच्याकडे पोहोचले तेव्हा. वैमानिकाचा जीव त्याच्या विमानात असतो. चूक झाली तर ती आधी त्याच्याच अंगावर येते. शंभर वर्षांच्या सगळ्या हवाई शिस्तीच्या मुळाशी ही गोष्ट आहे. ड्रोन उडवणाऱ्याला आपली चूक कळतसुद्धा नाही.

उत्साही: तुम्ही बेजबाबदार छांदिष्टाचं उदाहरण घेता आणि सगळ्या क्षेत्रावर लावता.

साशंक: नाही, मी जबाबदार माणसाचंही घेतो. १० ऑगस्ट २०२१, कॅनडातलं बटनव्हिल विमानतळ. शिकाऊ वैमानिक आणि प्रशिक्षक असलेलं सेस्ना विमान उतरत होतं. त्याच वाटेत पोलिसांचा ड्रोन एका जागी तरंगत होता. उडवणारे पोलीस, प्रशिक्षण घेतलेले, सोबत आकाशाकडे पाहायला दुसरा माणूस. तरीही धडक झाली. सेस्नातल्या दोघांना वाटलं की पक्षी लागला. विमान सुखरूप उतरलं, पंख्याला आणि इंजिनाच्या आवरणाला मार लागला होता. नियम माहीत होते, परवाना होता, हेतू चांगला होता. कामाच्या भरात लक्ष जमिनीकडे गेलं, एवढंच.

या घटनेवर दोन्ही बाजूंनी थोडं थांबायला हवं. ड्रोनविषयीची बहुतेक चर्चा ‘बेफिकीर मुलगा विरुद्ध जबाबदार वैमानिक’ अशी रंगवली जाते आणि त्यामुळे दंड वाढवणं हा उपाय वाटू लागतो. बटनव्हिलमध्ये दंड कुणाला करायचा? चूक घडली ती पाहण्याच्या रीतीत. डोळ्यानं पाहून टाळण्याची जुनी रीत विमानातून निरुपयोगी होती आणि जमिनीवरूनही अपुरी ठरली.

उत्साही: तर मग तुम्ही स्वतःच माझ्या मुद्द्यावर आलात. डोळा पुरत नाही, म्हणून माहितीची देवाणघेवाण हवी. दहाहून अधिक वर्षांपूर्वी नासात परिमल कोपर्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रोनसाठी वेगळ्या वाहतूक व्यवस्थेची कल्पना मांडली ती याच पायावर. टॉवरमधल्या नियंत्रकानं प्रत्येक ड्रोनशी रेडिओवर बोलावं, हे अशक्य आहे. त्याऐवजी प्रत्येक चालकानं उडण्याआधी आपण किती वाजता, कुठल्या जागेत, किती उंचीवर असू हे जाळ्यावर जाहीर करायचं. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांची संगणकप्रणाली ती एकमेकींना सांगते आणि दोन उड्डाणं एका जागी एका वेळी येत असतील तर एकाला आधीच हलवते. ही कल्पना कागदावर राहिलेली नाही. अमेरिकेत डॅलसच्या परिसरात २०२४ च्या उन्हाळ्यापासून झिपलाइन आणि विंग या दोन स्पर्धक कंपन्यांना, जमिनीवर निरीक्षक न ठेवता, एकाच आकाशात नजरेपलीकडची उड्डाणं करायला परवानगी मिळाली ती याच पद्धतीवर. युरोपात २०२३ च्या जानेवारीपासून अशाच व्यवस्थेचे, ‘यू-स्पेस’चे, नियम लागू आहेत. आपल्या सरकारनंही ऑक्टोबर २०२१ मध्येच ड्रोन वाहतूक व्यवस्थापनाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला.

साशंक: आराखडा जाहीर झाला. माझ्या हातात आज काय आहे? नकाशा. हिरवा, पिवळा, लाल. नकाशा जागा सांगतो, वाहतूक सांगत नाही. तुमच्या शेजारच्या शिवारात आत्ता कोण उडतंय हे त्या नकाशावर दिसतं का? नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि उलवे-पनवेलच्या लोकांचं आकाश बदललं. तिथल्या लग्नाच्या छायाचित्रकाराला हे नकाशा उघडून पाहिलं तर कळेल, नाही पाहिलं तर नाही. पुण्याला परवानगी हवाई दलाकडून घ्यायची, दाबोळीला नौदलाकडून. ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ अशी प्रणाली ड्रोनच्या आतच बसवायची, हे नियमांत आहे, पण पुढे कधीतरी अधिसूचना निघेल तेव्हा. आणि ज्या कंपनीचे ड्रोन जगात सर्वाधिक विकले जातात, तिनं २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत विमानतळाभोवतीची सॉफ्टवेअरची अडवणूक काढून तिथे नुसती सूचना ठेवली. जबाबदारी चालकाची, असं म्हणून.

उत्साही: जबाबदारी चालकाचीच असायला हवी, त्यात चूक काय? ड्रोननं अडून बसावं अशी व्यवस्था वणवा विझवणाऱ्यांच्या, पोलिसांच्या ड्रोनलाही ऐनवेळी अडवते, ही तक्रार जुनी होती. आणि अडवणुकीनं येणारी सुरक्षितता किती खोटी असते ते गॅटविकनं दाखवलं.

गॅटविकची गोष्ट दोघांनाही आपापल्या बाजूची वाटते, म्हणून ती सांगायला हवी. १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री लंडनच्या या विमानतळावर ड्रोन दिसल्याची खबर आली. नाताळच्या तोंडावर धावपट्टी सुमारे ३३ तास बंद राहिली, हजारभर उड्डाणं रद्द झाली किंवा वळवली गेली, १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. लष्कर आणावं लागलं. ज्या जोडप्याला पकडलं ते निर्दोष निघालं. ड्रोन सापडला नाही, उडवणारा सापडला नाही, खात्रीचं छायाचित्रही पुढे आलं नाही. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळच्या विमानतळावर अनोळखी वस्तू दिसली. सुमारे तीन तास आकाश बंद झालं, उड्डाणं वळवली गेली, हवाई दलानं शोधाला राफेल विमानं पाठवली. काही मिळालं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोन दिसल्याच्या खबरीवरून कोपनहेगनचा विमानतळ जवळपास चार तास बंद होता. उत्साही म्हणते, पाहा, ड्रोनपेक्षा ड्रोनची भीती विमानतळ बंद पाडते. साशंक म्हणतो, पाहा, तिथे ड्रोन होता की नव्हता हे सांगण्याची ताकदच यंत्रणेत नाही. दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि दोन्ही म्हणणी एकाच उणिवेकडे बोट दाखवतात: आकाशाच्या खालच्या थरात काय आहे हे कुणालाच ठामपणे माहीत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याच्या गावांत रात्री आकाशात दिवे दिसले आणि माणसं काठ्या घेऊन जागत बसली, तेव्हाही प्रश्न हाच होता. कुणाचा ड्रोन आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं.

उत्साही: मग ओळख सक्तीची करा. अमेरिकेत मार्च २०२४ पासून रिमोट आयडीची अंमलबजावणी आहे. उडणारा प्रत्येक नोंदणीकृत ड्रोन आपली ओळख आणि जागा प्रसारित करतो. विमानांनीही आपली जागा प्रसारित करावी. दोघंही एकमेकांना दिसले की प्रश्न सुटला.

साशंक: दोघंही एकमेकांना दिसत नाहीत, हीच तर अडचण आहे. विमानं ज्या लहरींवर आपली जागा सांगतात त्या लहरींवर ड्रोननं बोलायला अमेरिकेनं साधारणपणे मनाई केली आहे. लाखो ड्रोन बोलू लागले तर त्या गोंगाटात विमानांचाच आवाज बुडेल, म्हणून. ड्रोन रिमोट आयडी सांगतो तो वायफाय किंवा ब्लूटूथसारख्या जवळच्या पल्ल्याच्या संदेशानं, जो विमानाच्या कॉकपिटमध्ये ऐकू येत नाही. म्हणजे तुमच्या व्यवस्थेत ड्रोन विमानाला ऐकू शकतो, विमान ड्रोनला नाही. आणि जे विमान काहीच बोलत नाही, त्याला ड्रोनही ऐकणार नाही. गोंदियाच्या बिरसीला वैमानिक प्रशिक्षण चालतं. खाली धानाची खाचरं, वर एकट्यानं पहिल्यांदा उडणारा विद्यार्थी. कामशेतला टेकडीवरून पॅराग्लायडर उडतात. त्यांच्याकडे ना इंजिन ना वीज. गरम हवेचा झोत मिळेल तिकडे ते जातात. उद्या त्या डोंगरावरून औषधांचे ड्रोन जाऊ लागले, तर त्यांना हे पॅराग्लायडर कसे दिसणार?

उत्साही: हातात मावेल एवढ्या प्रसारकानं. युरोपात ग्लायडरवाले कित्येक वर्षं अशी उपकरणं वापरतात. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर दिव्याविना, परावर्तकाविना उभ्या राहायच्या आणि मोटारसायकलवाले त्यांवर आदळून मरायचे. मागून येणाऱ्यानं डोळे फाडून बघावं असं आपण म्हणत नाही. ट्रॉलीला लाल परावर्तक लावा म्हणतो, आणि साखर कारखान्यांनी हंगामाआधी ते लावून घ्यावेत असा आग्रह धरतो. आकाशात येणाऱ्या प्रत्येकानं दिसणं हे त्याचं कर्तव्य आहे.

साशंक: ट्रॉली रस्त्याला धोका निर्माण करते म्हणून परावर्तक ट्रॉलीला. इथे धोका नव्यानं कोण आणतंय? पॅराग्लायडर आधीपासून तिथे आहे. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये नजरेपलीकडच्या उड्डाणांसाठी जो मसुदा आला, त्यात असं सुचवलं आहे की जे विमान आपली जागा प्रसारित करत नाही, त्याच्यापुढे काही भागांत ड्रोनला अग्रक्रम मिळावा. माणूस बसलेल्या यंत्रानं माणूस नसलेल्या यंत्राला वाट द्यायची. तिथल्या छोट्या विमानांच्या वैमानिकांना हे खुपलं आणि मलाही खुपतं. १९४४ च्या शिकागो करारातलं आठवं कलम काढून वाचा. वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्रावर असा ताबा ठेवा की नागरी विमानांना धोका होणार नाही, असं त्यात राष्ट्रांनी तेव्हाच कबूल केलं आहे. टाळण्याचा भार ड्रोनवर होता. तो हळूहळू उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला जातोय.

उत्साही: तो भार ड्रोन उचलतोच आहे. झिपलाइननं आपल्या ड्रोनवर मायक्रोफोन बसवले, आजूबाजूच्या विमानाचा आवाज ऐकून वाट बदलण्यासाठी. पण पॅराग्लायडर आवाजच करत नाही. ड्रोननं सगळं स्वतः शोधावं म्हटलं, तर त्याच्यावर इतकी यंत्रं चढतील की औषध न्यायला वजनच उरणार नाही. रवांडात २०१६ पासून ड्रोननं रक्ताच्या पिशव्या जातात. तिथल्या डोंगरांत प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात अर्धा तास हा फार मोठा काळ असतो. आपल्या मेळघाटात, अक्कलकुव्यात तो लहान आहे का? दिसण्याचा खर्च ही खरी अडचण असेल, तर ती सुटण्यासारखी आहे. ब्रिटननं २०२० पासून वैमानिकांना असं उपकरण घेताना अर्धी किंमत, २५० पौंडांपर्यंत, सरकारी तिजोरीतून परत दिली. आपणही ड्रोन कंपन्यांकडून शुल्क घ्या आणि कामशेतच्या प्रत्येक पॅराग्लायडरला ते फुकट द्या. नफा ज्याचा, खर्च त्याचा.

साशंक: हे मला मान्य आहे. खर्च त्यांनी करावा, उपकरण त्यांनी द्यावं. तरीही एक उरतं. जाळं तुटलं तर? संपर्क गेला की बरेच ड्रोन आपोआप घरी परततात, आणि परतताना आधी ठरवून ठेवलेल्या उंचीपर्यंत वर चढतात, झाडाला, घराला लागू नये म्हणून. जमिनीवरच्या माणसासाठी ते शहाणपणाचं आहे. वरून हेलिकॉप्टर जात असेल तर नेमकं उलटं. माझं म्हणणं, ज्याचं जाळं तुटलं त्यानं खाली यावं. जिथे असेल तिथे, झाडात तर झाडात. यंत्र मोडलं तर मोडू दे.

उत्साही: आणि त्यात रक्ताची पिशवी असेल तर? जव्हारच्या घाटात मोबाइलचं जाळं रोज तुटतं. म्हणूनच तर तिथे ड्रोन हवा. प्रत्येक वेळी तो जंगलात उतरवला, तर ती सेवा आठवड्यात बंद पडेल. त्यानं आधी जाहीर केलेल्या वाटेनं, जाहीर केलेल्या उंचीवर, जाहीर केलेल्या वेळेत पुढे जावं. ती वाट सगळ्यांना आधीच माहीत असते.

साशंक: सगळ्यांना म्हणजे जाळ्यावर असलेल्या सगळ्यांना. पुरात अडकलेल्या गावाकडे निघालेल्या हेलिकॉप्टरनं ती वाट कुठे पाहायची? त्याला तर वाट ठरवायलाच वेळ मिळालेला नसतो.

उत्साही: मग अशा वेळी त्या तालुक्यातले सगळे ड्रोन खाली आणण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याच्या नियंत्रण कक्षाला द्या. एका आदेशासरशी.

साशंक: ज्याचा संपर्क तुटला आहे, त्याला तो आदेश पोहोचणार कसा?

उत्साही: उड्डाणाआधीच त्याच्यात भरून ठेवावा लागेल: किती मिनिटं जाळ्याविना पुढे जायचं आणि त्यानंतर उतरायचं. तुम्ही शून्य मिनिटं म्हणता. मी म्हणते रुग्णालय गाठेपर्यंत.

साशंक: आणि ती मिनिटं आज ड्रोन बनवणारा ठरवतो.